मोटारीची खांदमळणी

नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणतात. पण त्या साली आमच्या घरधन्यानं जे करून ठेवलं ते सांगायचं तर नावाबिगर भागत न्हाई, म्हणून एकदा घेते आन् मोकळी होते. किसनराव. झालं? आता ह्याच्या म्होरं मी मालकच म्हणणार.

तर आमच्या मालकांनी मानाची बैलजोडी देऊन मोटार आणली.

हसू नका, आदी ऐका तरी. जर्मनची लढाई चालू होती तवाची गोष्ट. निजामाचं राज. आमचं गाव वारंग्याच्या अलीकडं, हिंगोलीला जायचं म्हंजे बैलगाडीत बसून हाडं खिळखिळी करून घ्यायची. मालक हळद घेऊन हिंगोलीच्या बाजारात गेले आन् गुलाबचंद शेटजीनं त्यांना आपल्या मोटारीत बसवून टेशनापस्तोर एक चक्कर मारून आणली. बस्स! तिथंच ह्यांचं डोकं फिरलं. शेटजीला ती मोटार जड झाली होती. पेट्रोल मिळायची मारामार, सामान मिळायची मारामार, आन् मोटार जुनी, रस्त्यानं निघाली की कुत्री शेपूट घालून पळायची असा तिचा आवाज. तो म्हणला, "पाटील, तुमची लाल जोडी मला द्या, मोटार घेऊन जा." आन् हे देऊन आले! हरण्या आन् पवळ्या. लाल कंधारी, एका रंगाची, एका उंचीची, अंगावर पांढरा ठिपका हुडकून सापडायचा न्हाई. माज्या हातानं सरकी चारलेली जनावरं ती.

मोटार अंगणात आली तवा मी दाराला आतून कडी घातली. मालक भायेरून म्हणतात, "सत्यभामा, अगं बघ तरी, हिला चारा लागत न्हाई!"

म्हणलं, "शेण बी देत न्हाई. चूल काय तुमच्या डोक्यावर पेटवू?"

घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात तसं झालं. गुलाबचंदानं ती जोडी पुढच्याच बाजारात इकली, आन् घेतली कुणी? आमच्याच व्यंकटराव भावजींनी. हे भावजी म्हंजे मालकांचे चुलतभाऊ. दोघं एकाच सालातले, एकाच उंचीचे, एकाच बांध्याचे. पाठमोरे असले की कोण कोणता ते कळत न्हाई. एकदा मी रागाच्या भरात भावजींच्याच पाठीत लाटणं हाणलं होतं. लहानपणी दोघं एका ताटात जेवायचे म्हणं. मग बांधावरच्या बोरीवरून भांडण झालं आन् बोलणं बंद. एकमेकाला काही सांगायचंच पडलं तर भिताडाला सांगायचे, दुसऱ्यानं ऐकलं तर ऐकलं.

आता मान म्हंजे काय ते सांगते. पोळ्याच्या दिवशी वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आन् त्याखालून गावातले सगळे बैल मारुतीला जातात. सगळ्यात आदी जाती ती मानाची जोडी. तो मान आमच्या घराचा, आज्या-पणज्यापसून. जोडी बिनव्यंगाची लागती. आमच्या दावणीला शेताची चार बैलं होती, न्हाई असं न्हाई. पण एकाचं शिंग मोडकं, एक काणा, एक पोटात वारा भरल्यावानी सदा फुगलेला, आन् चौथा तर बसला की उठायचाच न्हाई. त्यातलं काय मानाला न्यावं?

नागपंचमी झाली तशी भावजींनी पारावर सगळ्या गावादेखत मारुतीच्या भिताडाला सांगितलं, "मान बैलाचा असतो, घराचा न्हाई. मानाची जोडी आता माज्या दावणीला हाय. यंदा तोरणाखालून पहिला मी."

मालकांचं तोंड उतरलं. आन् मंग उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणले, "यंदा मानाला माजी मोटार जाईल."

पार हसून हसून लोळला. तातेराव म्हणून एक आमचे गाववाले हायत, बुटके हायत पण आवाज खणखणीत, ते म्हणले, "पाटील, आन् शेंगदाण्याच्या पेंडीवर चालती का हो?" पण मजा बगा, नको कोणीच म्हणलं न्हाई. गावाला तमाशा पायजेच होता. लढाईपायी त्या साली जत्रा बी धड भरली न्हवती.

घरी आल्यावर मी भांडायला उभीच होते. पण मालक ओसरीला बसले आन् हळूच म्हणले, "बोल, काय बोलायचं ते बोल. मला शेती बराबर जमत न्हाई, हिशेब जमत न्हाई. सालातून एक दिवस गाव माज्या मागं चालतं. तो गेला तर मी कोण गं?"

भांडण तिथंच राहिलं. चहा टाकला.

आमच्याकडं कोणता बैल मानाला चालतो आन् कोणता न्हाई ते सटवाजी ठरवायचा. सटवाजी मेंढरंवाला म्हातारा. जनावराचं दुखणं काय असंल ते त्यालाच कळायचं, आन् तोरण बांधायचं काम बी त्याचंच. तो दुसऱ्या दिवशी मोटार तपासायला आला. चहूबाजूनं फिरला. म्होरल्या जाळीत बोट घालून दात पायल्यासारखं केलं. मंग म्हणला, "चालवून दाखवा."

मालकांनी अंगणातून पांदीपस्तोर नेऊन आणली. म्होरलं तोंड असं किरकिरलं आन् खडखडलं की गोठ्यातला काणा बैल दावं तोडून पळाला. सटवाजीनं डोळे मिटून ऐकलं आन् फैसला दिला, "हिचे म्होरले खांदे आलेत."

जुवानं बैलाचा खांदा सुजला की खांदा आला म्हणतात, ते तुमाला ठावं असंल.

"खांदा आलेला बैल मानाला चालत न्हाई," सटवाजी म्हणला. "पोळ्याच्या आदी बरी करा. आन् पाटील, बैल म्हणून न्यायची तर सगळं बैलावानी पायजे. आदल्या सांजेला खांदमळणी करायची. पोळ्याला बैलावर कुणी बसत न्हाई, तर हिच्यावर बी कुणी बसायचं न्हाई. म्होरं कासरा धरून तुमी चालायचं, मागून तिनं यायचं. मंजूर?"

"मंजूर," मालक म्हणले. माणूस न बसता मोटार चालती कशी ह्याचा इचार त्यांनी मंजूर म्हणल्यावर केला.

मंग हिंगोलीहून हिरासिंग मिस्त्री आणला. त्याला आणायला गाडी पाठवली, बैलांची. दांडगा उंच गडी, दाढी छातीपस्तोर, आन् बढाई तर इचारूच नका. म्हणं लष्करच्या साहेबाची मोटार ह्यानं डोळे बांधून खोलली होती. आल्या आल्या आठ भाकरी खाल्ल्या, मंग मोटारीखाली घुसला आन् तिथूनच वरडला, "पाटील! अगले पाटे के बुश खतम!"

म्हंजे सटवाजी म्हणला तेच.

मला बी खाली वाकून दाखवलं त्यानं. मोटारीच्या म्होरल्या दोन्ही चाकांवर लोखंडी पट्ट्यांच्या कमानी असतात, त्याला पाटा म्हणतात. पाट्याच्या टोकाला गोल कान असतो, कानातून जाडजूड खिळा जातो. आन् खिळा नि कान ह्यांच्या मधी रबराची एक आखूड नळी बसवलेली असती, तो बुश. ती नळी झिजून झिजून आमच्या मोटारीत भुगा उरला होता. लोखंड लोखंडाला घासून राहिलं होतं, म्हणून ती वरडत होती. खरं सांगते, इतकं कळल्यावर मला मोटारीची पहिल्यांदा थोडी कीव आली.

नवीन बुश कुठून आणायचे? लढाईत मुंबईला न्हाई तिथं हिंगोलीला काय असणार. हिरासिंगानं फौजेच्या लॉरीचा फाटका टायर आणला होता, त्यातून चांभाराची रापी मागून नळ्या कापल्या. आन् मंग माज्या घराची जी लुटालूट चालू झाली! मोटार उचलायचा जॅक शेटजीनं दिलाच न्हवता. मंग आठ माणसं, दोन पहारी, एक ओंडका, "बोल बजरंगबली की जय" म्हणून तोंड वर उचललं आन् खाली काय सरकवलं? माजं उखळ! खिळे गंजून बसले होते, ते भिजवायला महिन्याचं घासलेट गेलं. हातोडा घसरला म्हणून वरवंटा नेला. खिळा निघाला तवा हिरासिंग असा नाचला की जणू बाळंतपण झालं.

पण नवीन बुश काही कानात जाईना. रबर ढिम्म. हिरासिंग घामाघूम होऊन माज्या सैपाकघराच्या दारात आला, आत नजर फिरवली, आन् त्याला भिताडाला टांगलेला माजा पितळी सोऱ्या दिसला. मळसूत्राचा, शेव गाळायचा, माहेरचा.

"भाभीजी, वो देना."

"न्हाई देणार," म्हणलं. "मुडदा बशिवला तुमच्या मोटारीचा."

पण मालकांनी असं तोंड केलं की दिला. त्यानं मळसूत्र काढून पाट्याच्या कानाला जोडलं, बुशाला साबणाचं पाणी लावलं, आन् मूठ फिरवत गेला, फिरवत गेला. शेव भायेर येती तसं रबर आत गेलं. माजी छाती उगीच फुगली. सोऱ्या माज्या माहेरचा होता ना! त्या सोऱ्याच्या शेवेला पुढं कायम टायराचा वास यायचा ती गोष्ट अलाहिदा.

चारी बुश बसले. मालकांनी मोटार पांदीपस्तोर नेऊन आणली. आवाज न्हाई! चूं न्हाई, चां न्हाई. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हिरासिंगानं हात धुतले आन् बोट उगारून बजावलं, "देखो पाटील, साबण का पानी सूख जाता, रबर पकड लेता. इस को तेल नको, तूप नको, गिरीस नको. फिसल के बाहर आयेगा. समझे?"

"समझे, समझे," मालक म्हणले. त्यांना काय, कुणी दोनदा सांगितलं की दोनदा समजायचं.

पोळ्याची आदली सांज आली. खांदमळणी म्हंजे बैलाचे खांदे लोण्यानं आन् हळदीनं मळायचे, सालभर जू वाहिलेलं असतं त्याचं दुखणं काढायचं, आन् कानात उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. सगळं गाव आमच्या अंगणात जमलं होतं. सटवाजी काठीवर हनुवटी टेकून बसला होता. हिरासिंग जेवून गोठ्यात बाजेवर घोरत होता. मालक धोतर खोचून लोण्याची वाटी घेऊन मोटारीखाली घुसले.

मी म्हणलं, "अवो, तो मिस्त्री तेल-तूप नको म्हणला होता."

मालक मोटारीखालून म्हणतात, "तूप नको म्हणला. लोणी कुठं नको म्हणला?"

सटवाजीनं मान डोलावली, गावानं मान डोलावली. मालकांनी चारी कानांत बोटबोट लोणी भरलं. वरून हळद. मंग बाया बी आपापल्या वाट्या घेऊन आल्या, देवाचं काम, मागं कोण राहतं? माजी जाऊ नर्मदाबाई, व्यंकटराव भावजींची बायको, ती बी आली. बोलणं पुरुषांचं बंद होतं, आमचं न्हाई. तिनं बी लोण्याचा एक गोळा दाबून बसवला आन् मला म्हणती, "जाऊबाई, हिला पान्हा तरी फुटंल का हो?" मोटारीचे म्होरले खांदे पिवळेधमक झाले, आन् खालून लोणी टपकायला लागलं ते मांजरीनं चाटलं. शेवटी मालकांनी दिव्याच्या काचेला तोंड लावून आवतण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." गंभीर चेहऱ्यानं हो! मी पदर तोंडात कोंबला.

पोळ्याला सकाळपसून सगळ्या घरी पुरण शिजून राहिलं होतं. आन् बैल जेवल्याबिगर माणसानं तोंडात घास घालायचा न्हाई, म्हणून सगळं गाव उपाशी. मोटार बैलांसंगं नदीवर धुऊन आणली. माजं लग्नातलं लुगडं तिच्या पाठीवर झूल म्हणून गेलं. कपाळाला बाशिंग, गळ्यात घागरमाळ, आन् दिव्यांच्या मागं केळीचे दोन कोंब बांधून त्याला बेगड चिकटवली, शिंगं म्हणून. दिसत होती, खरं सांगते, नटवी.

न बसता चालवायचं कोडं हिरासिंगानं सोडवलं. जुन्या मोटारीला पेट्रोलची एक दांडी हातानं अडकवून ठेवता यायची. त्यानं पहिला गेर टाकला, दांडी अडकवली, आन् उडी मारून खाली. मंग बाजूनं चालत खिडकीतून हात घालून चक्र धरायचं. सटवाजी म्हणला, "बैलाच्या मानेवर हात ठेवला तर चालतो."

मोटार निघाली. म्होरं मालक, नवा पिवळा फेटा, हातात कासरा. मोटारीमागं भावजी, हरण्या-पवळ्याचा कासरा धरून, तोंड एरंडेल पिल्यासारखं. त्यांच्या मागं सगळ्या गावचे बैल, हलगी, शिट्ट्या, लेकरं.

बैल मालकामागं आपला रमत-गमत येतो. मोटारीला रमणं ठावं न्हाई. ती एका चालीनं मालकांच्या टाचांना येऊन भिडायची, मालक टुणकन उडी मारायचे आन् मागं बगून चुचकारायचे, "होऽ होऽ, हळू गं बाई, हळू!" गाव फिदीफिदी हसत होतं. पण मी नर्मदाबाईसंगं औक्षणाचं ताट घेऊन वेशीच्या आतल्या अंगाला उभी होते, मला तिथून मालकांचं तोंड दिसत होतं. इतकं उजळलेलं तोंड मी लग्नात बी पायलं न्हवतं. देवा मारुतीराया, म्हणलं, एवढ्या वेळी पार पाड, शेंदूर घालीन.

वेशीला दगडाचा उंबरा हाय. मोटारीचं डावं चाक उंबऱ्यावर चढलं, आन् त्याच वक्ताला खालून आवाज आला, सट्ट!

पिवळीधमक रबराची नळी, लोण्यानं माखलेली, पाट्याच्या कानातून सुटली आन् बंदुकीच्या गोळीवानी जाऊन भावजींच्या पोटावर बसली. "मेलो, मेलो!" भावजी खाली. मोटार डाव्या अंगाला कलली, चाक वरच्या पत्र्यात घुसून अडकलं, घुर्रर्र केलं आन् बंद पडली. तोरण नाकावर. नाक वेशीत, शेपूट भायेर, आन् दोन्ही बाजूनं वेशीची भितं. कुत्रं जाईल एवढी बी जागा राहिली न्हाई.

हिरासिंगानं नळी उचलली. हुंगली. बोटावर घेऊन चाखली. "लोणी?" तो म्हणला. "पाटील, लोणी?"

"तूप न्हाई लावलं," मालक म्हणले.

तो सरदार डोकं धरून खाली बसला. परत बुश बसवायचा तर मोटार उचलावी लागती, आन् वेशीच्या त्या फटीत आठ माणसं घुसणार कुठून? मागं घ्यावी तर बैलांची गर्दी, हलायला वाव न्हाई. तेल बी गेलं, तूप बी गेलं, आमच्या हाती धुपाटणं.

वेशीच्या पलीकडं सगळ्या गावाचे बैल ताटकळले. त्यांना घराघरांतून पुरणाचा वास येत होता, ते डोकं हलवून घुंगरं वाजवायला लागले. आन् माणसं? सकाळपसूनची उपाशी! थोरामोठ्यांच्या पोटात कावळे, लेकरांनी तर भोकाड पसरलं.

"बैल जुंपा आन् ओढा!" कोणीतरी वरडलं.

सटवाजीची काठी आडवी. "पोळ्याला बैलाच्या मानेवर जू? मी मेल्यावर."

"मंग काय उद्यापस्तोर उपाशी मरायचं?"

"बैलाच्या मानेवर न्हाई म्हणलं," सटवाजी म्हणला. "माणसाच्या मानेवर चालतं."

मंग काही माणसं जू घेऊन भिंतीवरून आत आली, ते मोटारीच्या नाकाला दोरानं आवळून बांधलं. जू उचललं की मोटारीचं तोंड उचललं जाणार, चाक सुटं होणार, आन् मागून गाव ढकलणार, असा बेत. डाव्या अंगाला मालक लागले, मोटार त्यांचीच. उजव्या अंगाला हिरासिंग. पण तो एवढा उंच, जू त्याच्या बाजूनं वर गेलं, मोटार मालकांच्या अंगावर कलली आन् चाक परत पत्र्यात. मंग तातेराव लागले. ते एवढे बुटके की जू त्यांच्या खांद्याला टेकलंच न्हाई, नुसते लोंबकळले. कोणी जाड, कोणी वाकडा. जू काही बराबर बसंना.

सटवाजी सगळ्यांकडं निरखून बगत होता. म्हणला, "एका उंचीची, एका बांध्याची जोडी पायजे. गावात एकच हाय."

सगळ्यांच्या माना भावजींकडं वळल्या. ते पोट चोळत भिंतीवर चढून बसले होते.

"मी?" भावजी वेशीच्या भिताडाला म्हणले. "ह्याच्या जोडीला? जीव गेला तरी न्हाई."

आन् मंग नर्मदाबाई सुटली. माजी जाऊ तशी गरीब, पण भूक लागली की तिच्यात वारं येतं. "काहून न्हाई?" तिनं ताट खाली ठेवलं. "सकाळपसून पुरणाच्या पातेल्याभवती घिरट्या घालून राहिलाव, आन् आता जीव गेला तरी न्हाई? लेकरं रडून राहिली दिसत न्हाई का? उतरा खाली! न्हाई तर आज पोळी न्हाई, उद्या न्हाई, परवा बी न्हाई!"

भावजी उतरले. फेटा घट्ट केला. जुवाखाली मान घातली. दोघांनी मिळून जू उचललं, आन् काय सांगू, असं सपाट बसलं ते जू! वर पाण्याची घागर ठेवली तर थेंब सांडला नसता. मागून गाव वरडलं, "हौस्स!" मोटारीचं तोंड उठलं. दोघांच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळे भायेर आले, पाय धुळीत घसरून राहिले, पण दोघांचं पाऊल मात्र एकदम पडत होतं, डावं संगं डावं, उजवं संगं उजवं. किर्रर्र करत मोटार तोरणाखालून सरकली, पानं तिच्या पाठीवरून घासत गेली, आन् सगळं लटांबर वेशीच्या आत आलं.

आत येताच मालक धापा टाकत वरडले, "आली! मोटार आली! मान राहिला!"

"कशाचा राहिला?" भावजी वरडले. "ओढून आणलेला बैल मानाचा असतो का? मान आता हरण्या-पवळ्याचा! माजा!"

"माजा!"

"माजा!"

दोघं जुवाखाली अडकलेले, मान वळवता येईना, म्हणून म्होरं बगूनच भांडत होते. मालकांचा आवाज मात्र फुटला होता. मला दिसत होतं, मान गेला ते त्यांना कळून चुकलं होतं. वरडत होते, पण रडायच्या बेतात होते.

सटवाजीनं दोघांच्या म्होरं येऊन काठी आडवी धरली. "गप. तोरणाखालून पहिलं कोण आलं?"

"मोटार," मालक म्हणले.

"मोटार मागून आली. तिच्या आदी जू आलं, आन् जुवाखाली तुमी दोघं." म्हाताऱ्यानं दोघांना वरून खाली बगितलं, बैलाला बगतो तसंच. "एका उंचीची, एका बांध्याची, पाऊल बराबर टाकणारी. व्यंग म्हणावं तर दोघांच्या डोक्यात हाय, पण ते भायेरून दिसत न्हाई. यंदा मान ह्या जोडीचा."

हलगीवाल्याला आदी कळलं न्हाई, मंग कळलं, आन् त्यानं जी वाजवली! गाव असं हसलं की वेशीवरचे पारवे उडाले.

"मला एकट्याला पायजे," भावजी म्हणले.

"मला बी," मालक म्हणले.

"जोडीतला एक बैल सुटा करून मान देत न्हाईत," सटवाजी म्हणला. "घ्यायचा तर दोघांनी. न्हाई तर कुणालाच न्हाई, आन् सगळं गाव उपाशी. बोला."

हलगी थांबली. मी बगत होते, मालकांच्या मानेवर जुवाचा लाल वळ उठला होता, भावजींच्या मानेवर बी तसाच. दोघं म्होरं बगत उभे. मला वाटलं संपलं, हे काही वाकणार न्हाईत, ह्यांचं खानदानच तसं.

मंग भावजींनी भिताडाकडं न्हाई, म्होरं न्हाई, बाजूला बगितलं. जितकी मान वळत होती तितकी वळवली. आन् म्हणले, "किसना, हो म्हण की. लई भूक लागली रे."

किसना! त्या बोरीच्या भांडणापसून त्या माणसानं मालकांना हाक मारली न्हवती. मालकांची हनुवटी हलली. त्यांनी मान डोलावली, तशी जुवाची दुसरी बाजू वर गेली आन् भावजींची बी मान आपोआप डोलली.

नर्मदाबाईनं ताट उचललं, मी उचललं. दोघांचे पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. पुरणपोळी हातानं भरवायची असती, ती भरवली. मालक तोंड भरलेलं असताना माज्याकडं डोळे वटारून म्हणले, "हसू नको."

"हसत न्हाई," म्हणलं. रडत होते मी, पदरानं डोळे पुशीत होते, आन् त्यांना दुसरी पोळी भरवत होते. शेजारी भावजी म्हणत होते, "वहिनी, त्याला अर्धीच द्या, उरलेली तूप लावून माज्याकडं सरकवा," आन् मालक त्यांना जुवाखालून कोपर मारत होते.